ताकदीच्या गोळ्या

भीमाबाईंचं निम्मं आयुष्य धारवाडजवळच्या अमरगोळच्या मार्केट यार्डात मिरच्या निवडण्यात गेलं होतं. पोत्याच्या तोंडाशी लालभडक, अखंड माल लावायचा आणि तुटका, डागी माल पोटात सारायचा, ही व्यापाऱ्यांची कला त्या लांबूनच ओळखायच्या. मुलाचं लग्न जमवताना त्यांनी ती वापरली, एवढंच. तोंडाशी ठेवलं ते असं: संतोषची मोटारींच्या शोरूममधली नोकरी, सुपारीचंही व्यसन नाही, आईच्या शब्दाबाहेर नाही. पोटात सारलं ते एकच: त्याला बाराव्या वर्षापासून फिट येत होत्या.

आता तीन वर्षांत एकही आली नव्हती. सकाळी एक गोळी, रात्री एक गोळी, की संतोष चारचौघांसारखा. पण हे रायापूरच्या विठ्ठलरावांना कोण पटवणार? त्यांची प्रीती इथल्याच लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करणारी, शिकलेली पोरगी.

"लग्नाआधी सांगूया, आई," संतोष म्हणायचा.

"विचारलं की सांगू," भीमाबाई म्हणायच्या. आणि आपण होऊन असलं कोण विचारतं!

प्रश्न होता तो गोळ्यांच्या पाकिटाचा. सून पाकिटावरचं नाव वाचणार, मोबाइलवर शोधणार. भीमाबाईंनी सगळ्या गोळ्या सोलून काढल्या आणि आपल्या ताकदीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरल्या, आणि संतोषला तेवढं सांगून ठेवलं. त्यांच्या स्वतःच्या गोळ्यांची तशीच दुसरी डबी फळीवर होतीच. दोन्हीतल्या गोळ्या पांढऱ्या, दोन्ही गोल. लग्न होऊन नवराबायको काश्मीरला निघाली, तेव्हा संतोषची बॅगही त्यांनीच भरली. सुनेला म्हणाल्या, "तू तुझं बघ, त्याचं मला ठाऊक आहे."

पुढचे तीन दिवस भीमाबाई यार्डात दुपारच्या पेंगत होत्या. शेजारी बसणारी भागीरथी म्हणाली, "सून आली म्हणून सासू झोपा काढायला लागली बघा!" भीमाबाई हसल्या. वय झालं, लग्नाचा शीण असेल, असं त्यांनी मनाशी धरलं.

चौथ्या दिवशी सकाळी गोळी ओल्या तळहातावर आली आणि त्यांनी ती पहिल्यांदाच नीट पाहिली. मधोमध रेघ होती. त्यांच्या गोळीवर रेघ नसायची. रेघ संतोषच्या गोळीवर असायची.

म्हणजे तीन दिवस फिटच्या गोळ्या त्या खात होत्या आणि पोरगा तिकडं बर्फात ताकदीच्या गोळ्या खात होता. डॉक्टर दर खेपेला बजावायचे: एक दिवसही चुकवू नका, एकदम बंद केल्या तर फिट जोरात येईल. आणि कालच प्रीतीनं फोनवर कौतुकानं सांगितलं होतं, उद्या सकाळी गाईडबरोबर हिमनदीच्या दरीत चालायला जाणार, मग थेट बर्फावर. "नदी, आणि तिच्यावर चालायचं? बघा बाई," म्हणून भीमाबाई हसल्या होत्या.

संतोषचा फोन काश्मीरात लागत नव्हता. लागत होता तो फक्त प्रीतीचा.

"आत्या! इतक्या सकाळी?" सासूला ती आत्याच म्हणायची.

"संतोषला दे गं जरा."

"ते पुढं गेलेत. गाईड सगळ्यांच्या बुटांना खिळ्यांच्या साखळ्या बांधतोय. पाच मिनिटांत बर्फावर जायचं. काय झालं?"

"काही नाही. आज जाऊ नका."

"का ओ?"

"मला स्वप्न पडलं. वाईट."

प्रीती खळखळून हसली. "स्वप्नात कोण पडलं? ते की मी? घाबरू नका, मी त्यांचा हात घट्ट धरते की."

"तुझ्यानं नाही सावरायचा तो," भीमाबाईंच्या तोंडून निसटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे... त्याचं पोट नाजूक आहे. थंडी सोसत नाही."

"सकाळी चार पराठे हाणलेत त्यांनी. आत्या, काय ते सरळ सांगा बघू."

सरळ सांगायचं म्हणजे काय, हे भीमाबाईंना पक्कं ठाऊक होतं. पोरगी रायापूरला बापाकडं जाणार, विठ्ठलराव चार माणसं घेऊन दारात येणार, संतोषचं पुन्हा लग्न म्हणून होणार नाही. थाप मारायला अजून जागा होती. घरात देवाचं कार्य निघालंय म्हणावं. शेजारी कुणी वारलं म्हणावं. तेवढ्यात फोनमध्ये मागून गाईडचा हिंदीतला आवाज आला: मी पाय ठेवीन तिथंच पाय ठेवा, बाजूला बर्फाखाली पोकळ आहे.

"प्रीती, त्याला फिट येतात."

एकदा सुटल्यावर भीमाबाईंनी सगळंच सांगून टाकलं.

"बारा वर्षांचा होता तेव्हापासून. गोळ्यांनी तीन वर्षं थांबल्यात. पण गोळ्या इथं राहिल्या. तुला कळू नये म्हणून डबी बदलली होती मी, आणि बॅगेत भलतीच गेली. त्याला आज त्या बर्फावर नेऊ नको गं. पाया पडते."

"त्यांना माहीत आहे?"

"भलती डबी गेल्याचं नाही."

"बाकीचं आहे म्हणजे," प्रीती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

भीमाबाई यार्डात गेल्या नाहीत. चूल पेटवली नाही. चार वेळा फोन लावला, उचलला नाही. दोन तास उलटल्यावर प्रीतीचाच फोन आला. आवाज सपाट.

"हॉटेलवर आलोय. मलाच चक्कर येते म्हणून सांगितलं सगळ्यांना. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवा लगेच, इथल्या डॉक्टरांना दाखवते."

"तो कसा आहे?"

"धड आहेत. रडतायत."

"तुला राग आला असेल..."

"आत्या, कॉलेजात माझ्या शेजारच्या मुलीला फिट यायची. मीच धरायची तिला. तुम्ही सांगितलं असतंत तर मी काय म्हणाले असते, ते आता मलाही सांगता यायचं नाही."

"घरी येशील ना गं?"

"ठाऊक नाही. संध्याकाळी मी आईला फोन करणार आहे. त्याआधी तुम्ही रायापूरला जाऊन या. मी सांगितलं तर बाबा सगळं यांच्या माथी मारतील. ज्यानं लपवलं त्यानं सांगावं."

चिठ्ठीचा फोटो पाठवून भीमाबाई रायापूरवरून जाणाऱ्या धारवाडच्या बसमध्ये बसल्या. वाटेत त्यांनी बोलण्याची सुरुवात सात प्रकारांनी मांडून पाहिली. प्रत्येकीत 'तीन वर्षांत नाही' हे सगळ्यात पुढं येत होतं.

दार इंदुमतीबाईंनी, प्रीतीच्या आईनं उघडलं. "अय्यो, विहीणबाई! अशा अचानक? पोरांचे बर्फातले फोटो आले का ओ? बसा, चहा टाकते."

"चहा राहू दे. विठ्ठलराव आहेत?"

"आहेत की."

विठ्ठलराव टॉवेलनं हात पुसत, हसत बाहेर आले. भीमाबाई उभ्याच राहिल्या.

"संतोषला फिट येतात. लहानपणापासून. मी लपवलं. तो सांगूया म्हणत होता, मी सांगू दिलं नाही."

विठ्ठलरावांचे हात टॉवेलातच राहिले. इंदुमतीबाईंनी एकच विचारलं, "माझी पोरगी कुठं आहे आत्ता?"

"हॉटेलात. त्याच्यापाशीच," भीमाबाई म्हणाल्या. उद्याचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.