धवलच्या दारातला खांब

राहुरीत गणित म्हटलं की शामकांत सर, असं सत्तावीस वर्षं चाललं होतं. मग त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या धवलनं रस्त्यापलीकडे क्लास काढला, आणि सरांच्या पोटात दुखायला लागलं. शिष्य मोठा झाला की गुरूला आनंद होतो म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या समोर कुणी क्लास काढलेला नसतो.

पहिल्या वर्षी सरांची वीसेक मुलं तिकडे गेली. दुसऱ्या वर्षी धवलनं दारात पंचवीस फुटी स्टीलचा खांब रोवून प्रजासत्ताक दिनाला झेंडा फडकवला, आणि त्या जूनमध्ये सरांकडे अकराच मुलं आली. सरांना सायकली मोजायचा नाद लागला. आपल्या दारातल्या नव्हे, समोरच्या.

सरांच्या बायकोचा, नीलांबरीबाईंचा भाचा अनीश कोपरगावला वास्तू आणि फेंगशुईचा सल्ला द्यायचा. सरांनी आयुष्यभर त्याची टर उडवली होती. आता त्यालाच मोबाईलवरून आपलं दार दाखवलं.

"काका, मुख्य दाराच्या नाकासमोर एकटा खांब म्हणजे आपल्यावर रोखलेला बाण," अनीश म्हणाला. "खांब दाराच्या बाजूला हवा, आतून बाहेर बघताना डाव्या हाताला. त्यानं स्वतःच्या दाराला बरोबर डावीकडेच ठेवलाय, म्हणून तो तुमच्या दारासमोर आला. हुशार आहे."

शेवटचे दोन शब्द सरांना बाणापेक्षा जास्त लागले.

माणूस गणिताचा. त्यांनी टेप लावला, कोन काढला आणि शाळा सुटून मुलं यायच्या वेळेला त्या खांबाची सावली आपल्या पायरीवर पडते, हे वहीत सिद्ध केलं.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "मुलं ही सावली ओलांडून येणार कशी?"

"चपला घालून," नीलांबरीबाई म्हणाल्या.

सर तिरीमिरीत समोर गेले. भांडायची जय्यत तयारी होती. शेजारधर्म, गुरुऋण, सगळं पाठ केलेलं. धवलनं उठून वाकून नमस्कार केला, खांबाचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं. "सर, आधी सांगायचं ना," तो म्हणाला, "उद्याच काढतो." आणि खरंच दुसऱ्या दिवशी खांब निघाला, इमारतीच्या मागे गेला. सरांना इतका राग कधी आला नव्हता. चांगुलपणातही पोरगा पुढे निघाला होता.

त्यानंतर सर दार सताड उघडं ठेवून बसू लागले. नवव्या दिवशी मुळा धरणाकडचे सहादेव मोटारसायकलवरून आले. त्यांचा थोरला पार्थ सरांकडेच शिकून इंजिनियर झालेला. मागे धाकटी मोनिका बसली होती. सर खुर्चीतून अर्धे उठले, तोवर गाडी समोर धवलच्या दारात लागली. सहादेवांनी सरांना पाहिलं आणि ओशाळून ते रस्ता ओलांडून आले.

"तिकडे नाव घालताय?" सरांनी विचारलं.

"व्हय सर. राग मानू नका. तुमच्यावानी गनित कुनाला येत न्हाई. पर दुसऱ्यांदा इचारलं का तुमी खवळता. पार्थ वरीसभर घरी येऊन रडायचा. त्यो निभावला. ही लई भिती."

"रडायचा? मला कधी बोलला नाही."

"बोलायचंच तर भ्या वाटायचं, सर."

ते गेले. सर पायरीवरच उभे राहिले. पायरीवर सावलीचा ठिपकाही नव्हता, दोष द्यायला आता समोर खांबही नव्हता. समोरच्या खिडकीतून धवलचा आवाज येत होता. तो एकच प्रमेय तिसऱ्यांदा समजावत होता, आणि आवाजात चीड औषधालाही नव्हती. सरांना त्या आवाजाचा हेवा वाटला. त्यांनी तास संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग ते समोर गेले.

"या ना सर," धवल उठून म्हणाला. "अजून काही अडचण आहे का?"

"तो खांब," शामकांत सर म्हणाले, "होता तिथंच परत लाव. मला तो हवाय."