सगळ्या वस्तीची एकच पेटी

मित्रांनो, पळू नका. मी एक जुनी पेटी आहे, मेलेल्या माणसांना कबरस्तानात नेणारी. माझं नाव काढलं की तुमच्यासारखी पोरं चपला टाकून पळतात. अहो, मी आजवर कुणालाच ठेवून घेतलेलं नाही. सगळ्यांना पोचवते आणि रिकामी परत येते.

अंबडच्या अलीकडे आमची ख्रिस्ती वस्ती आहे, उणीपुरी तीस घरं. प्रत्येकाला वेगळी पेटी कुठून परवडणार? म्हणून मच्छिंद्र सुताराने चर्चच्या पाळकसाहेबांचं मोडकं सागवानी कपाट उकललं आणि सगळ्या मंडळीसाठी मला केलं. माणूस प्रभूमध्ये झोपी गेला की त्याला माझ्यात ठेवायचं, खांद्यावरून न्यायचं आणि चादरीसकट खाली उतरवून माती द्यायची. जाताना सगळी वस्ती गीतं म्हणत माझ्यासोबत चालते. येताना दोघं जण मला उचलून आणतात आणि चर्चमागच्या खोलीत ढकलतात. मग महिनोन्महिने कोणी फिरकत नाही. खरं सांगते, फार एकटं वाटतं.

१९७०च्या उन्हाळ्यात सोनूबाई गेली. तिचा थोरला मुलगा साहेबराव वस्तीतच होता. धाकटा रखमाजी परतूरला कापसाच्या जिनिंगात कामाला. त्याला निरोप उशिरा मिळाला. तो पोचला तेव्हा आईला माती देऊन झाली होती. "दादानं मला आईचं तोंड बघू दिलं न्हाई," एवढंच तो बोलला आणि भावाशी बोलणं तोडलं. पुढे काम सोडून वस्तीत राहायला आला, तरी अबोला काही सुटला नाही. लोक समजावून थकले, पण हा पठ्ठ्या ढिम्म.

तीन वर्षांनी साहेबरावही गेला. रखमाजी खांदा द्यायला आला नाही. वर मच्छिंद्राकडून स्वतःसाठी वेगळी पेटी करून घेतली. ज्या पेटीत दादा गेला त्या पेटीतून मी जाणार नाही, म्हणाला. मला भारी राग आला. इतकी माणसं माझ्यातून गेली, कोणी कोणाचा विटाळ मानला नव्हता.

भिंतीपलीकडची उपासना मला सगळी ऐकू येते. दर रविवारी विश्वासाची कबुली म्हणतात. त्यात "पवित्रजनांची सहभागिता", म्हणजे जिवंत आणि गेलेले सगळे विश्वासणारे एकत्र, हे शब्द आले की रखमाजीचा आवाज बंद होई. पाळकसाहेबांच्या ते ध्यानात आलं. एकदा उपासनेनंतर त्यांनी त्याला थांबवून विचारलं, तर हा म्हणतो कसा, स्वर्गात मला दादापासून लांब जागा मिळेल का?

पाळकसाहेब हसले नाहीत. म्हणाले, "रखमाजी, तिथं दुसरी पंगत नसते. आपण प्रभुभोजनाला बसतो ना, तेव्हाही गेलेली माणसं त्याच पंगतीत असतात. साहेबराव तुमच्या शेजारीच आहेत. तुम्हीच तोंड फिरवून बसलात."

दुसऱ्या दिवशी दुपारी रखमाजी माझ्या खोलीत आला. त्याने उपरण्याने माझ्यावरची धूळ पुसली, झाकण उघडलं आणि कडेला बसला. मग आतल्या फळीवर हात ठेवून म्हणाला, "दादा, माझं चुकलं. लई वर्षं झाली. आता तरी बोल की."

आत कोणी नव्हतं. फक्त मी होते, आणि मला सगळं ठाऊक होतं! आई गेली त्या दिवशी साहेबराव मला झाकण लावू देत नव्हता. ओल्या पंच्याने तो आईला वारा घालत होता. धाकटा येतोय, जरा थांबा, अशा सगळ्यांच्या विनवण्या करत होता. शेवटी उन्हापुढे इलाज चालेना. हेच लोकांनी सांगितलं तेव्हा रखमाजीला खोटं वाटलं होतं. मी सांगितलं असतं तर त्याला पटलं असतं. पण मला तोंड कुठे आहे? त्या दुपारइतकी एकटी मी कधीच नव्हते.

तो पोटभर रडला. उठून थेट भावजयीकडे, चांगुणाबाईकडे गेला. आपली नवी पेटी त्याने तिला ज्वारी ठेवायला देऊन टाकली आणि "मी गेलो की मला दादाच्याच पेटीतून न्या," असं बजावून ठेवलं. १९७६ साली मी त्याला नेलं. दोघं भाऊ आता भेटले, असं वाटेने सगळे म्हणत होते.

भेटले असतील. पाळकसाहेब खोटं बोलायचे नाहीत. पण मी कबरीच्या काठापर्यंतच जाते, पुढचं मला दिसत नाही. म्हणून मित्रांनो, मला वर्षातून एकदा तेल लावा, वाळवीपासून जपा, आणि कोणाशी अबोला धरला असेल तर आजच जाऊन बोला. माझ्यात एका वेळी एकच माणूस मावतं.