सहकार्य केले नाही

वकीलबाईंनी फाइल उघडून तिसरं पान पुढे सरकवलं, तेव्हा ताईने ते हातात घेतलंच नाही. त्यावर काय आहे ते तिला पाठ होतं. अक्षर तिचंच होतं.

घरात सगळे तिला ताई म्हणत, हॉस्पिटलात सिस्टर. बावीस वर्षं तिने बाळंतपणाच्या खोलीत काढली होती. धाकट्या भावाच्या बायकोला दिवस गेले, तेव्हा दुसरं हॉस्पिटल शोधायचा प्रश्नच आला नाही. "ताई आहे ना तिथे, मग कसली काळजी!" असं भाऊ ज्याला त्याला सांगत सुटला होता. आता त्याची मुलगी तीन वर्षांची झाली होती. घरात तिला चिमणी म्हणत. चिमणीची मान अजून सावरत नव्हती, आणि जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, हे एकच वाक्य दर नव्या डॉक्टरांच्या तोंडून निघे.

ताईने चिमणीच्या जन्मानंतर वर्षभरात हॉस्पिटलची नोकरी सोडली आणि एका वृद्धाश्रमात काम धरलं. रविवार आला की ती भावाकडे जाई, चिमणीच्या हातापायांना तासभर मालिश करी. ताईसारखी आत्या मिळायला नशीब लागतं, असं शेजारीपाजारी म्हणत. ते ऐकलं की ती चप्पल घालून निघे.

"दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात," वकीलबाई भावाला आणि भावजयीला समजावत होत्या. "एक, जे करायला हवं होतं ते हॉस्पिटलने केलं नाही. दुसरी, त्यामुळेच मुलीला इजा झाली. दुसरी आपण दाखवू शकतो, मेंदूचे रिपोर्ट आहेत. घोडं अडलंय पहिलीपाशी. हा तक्ता बघा. दुपारी दोनपासून साडेतीनपर्यंत दर पंधरा मिनिटांनी बाळाचे ठोके मोजलेत. एकशे चाळीस, एकशे बेचाळीस, एकशे अडतीस. सगळं व्यवस्थित. आपल्याच तज्ज्ञ डॉक्टरांनी कळवलंय की इतकी मन लावून ठेवलेली नोंद त्यांनी क्वचित पाहिली."

"ताईचं कामच तसं आहे," भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात त्याही वेळी अभिमान होता.

"म्हणून तर त्यांना बोलावलं. आणि खाली ही ओळ. 'प्रसूतीच्या वेळी रुग्णाने सहकार्य केले नाही.' समोरचे वकील हीच धरून बसणार."

भावजय हळूच म्हणाली, "ते खरंच आहे. डॉक्टर जोर लाव म्हणून ओरडत होते आणि मी नुसती रडत होते. मला जमलंच नाही." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "चिमणीला मी रोज सांगते, आईचं चुकलं गं बाळा."

खरं सांगून मुलगी काही बरी होणार नाही, असं ताई तीन वर्षं स्वतःला बजावत आली होती. त्या खोट्याखाली आणखी कुणी रोज चिरडलं जातंय, हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"ते आकडे मी मोजलेले नाहीत," ती म्हणाली.

वकीलबाईंनी तक्ता पुन्हा स्वतःकडे ओढला.

"दोन वाजता ठोके ऐकले, ते खरे. मग शेजारी ऑपरेशन थिएटरमध्ये एक अडलेली बाई आणली. दुसरी सिस्टर आली नव्हती, ड्यूटीवर मी एकटी. मोठ्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, पहिलटकरीण आहे, हिला अजून वेळ आहे. मला वाटलं, दहा मिनिटांत परत येईन. आले ती तीन पस्तीसला. तेव्हा ठोके ऐंशीवर आले होते."

पुढचं सगळ्यांना माहीत होतं. ती धावपळ, बाळाला ओढून काढणं, निळी पडलेली, न रडलेली चिमणी. माहीत नव्हतं ते त्याच संध्याकाळचं. मोठ्या डॉक्टरांनी तक्ता तिच्यासमोर ठेवला होता. मधली जागा रिकामी ठेवून चालणार नाही, तुमचीही नोकरी आहे, माझंही नाव आहे, असं ते म्हणाले, आणि तिने सहा नोंदी एका बैठकीत भरल्या होत्या. सहाही वेळा एकच आकडा लिहिला असता तर कुणालाही शंका आली असती, म्हणून कुठे दोन वाढवले, कुठे चार कमी केले. त्याही घाईत एवढं मात्र तिला सुचलं होतं. शेवटची ओळ डॉक्टरांनी सांगितली, लिहिली तिने.

हे सगळं तिने एका दमात सांगितलं. आकडे कसे बसवले, तेही सोडलं नाही.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "ताई, इथेच थांबा. आधी स्वतःसाठी वेगळा वकील करा. यात तुम्हीही अडकाल."

"अडकू दे."

"आणि नुसत्या तुमच्या शब्दावर भागणार नाही. भावासाठी खोटं बोलते म्हणतील."

"थिएटरचं रजिस्टर मागवा. पोट उघडण्याआधी आणि शिवण्याआधी, दोन्ही वेळा गॉजचे तुकडे मोजून सही करावी लागते, वेळ घालून. त्या दिवशी दोन वीस आणि तीन पाच, दोन्ही सह्या माझ्या आहेत. एकाच वेळी दोन खोल्यांत कुणी उभं राहू शकत नाही."

भाऊ उठला. "तीन वर्षं," तो म्हणाला, "तीन वर्षं त्याच हातांनी तू तिला मालिश करत होतीस?" उत्तराची वाट न बघता तो बाहेर पडला. जिन्यावरून त्याची पावलं खाली जात राहिली.

भावजय जागची हलली नाही. "म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"नाही गं. तुझं काहीच चुकलं नव्हतं. तू बेल वाजवत होतीस."

"ती तर बंद होती ना? नंतर तुम्हीच म्हणालात, बेल बिघडली होती."

इथे गप्प बसणं सोपं होतं. विचारणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि हे कुठल्या कागदावरही नव्हतं.

"चालू होती," ताई म्हणाली. "मला आत ऐकू येत होती. डॉक्टर म्हणाले, घाबरली असेल, वाजू दे. मी वाजू दिली."

भावजयीने पिशवी उचलली आणि तीही निघून गेली.

कोर्टात समोरच्या वकिलाने ताईला पुरतं सोलून काढलं. "तेव्हा खोटं लिहिलंत, की आज खोटं बोलताय?" "तेव्हा लिहिलं," ती म्हणाली. त्याने तोच प्रश्न चार तऱ्हांनी विचारला, तिने चारही वेळा तेच सांगितलं. मग रजिस्टर आलं. ते पुढे ठेवल्यावर मोठ्या डॉक्टरांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. सव्वा वर्षाने निकाल लागला. हलगर्जीपणा सिद्ध झाला, चिमणीच्या जन्मभराच्या उपचारांचा भार हॉस्पिटलवर पडला, आणि निकालपत्रात स्पष्ट लिहिलं गेलं की आईकडून कसलीही कुचराई झालेली नव्हती. ताईची नर्स म्हणून असलेली नोंदणी दोन वर्षांसाठी रद्द झाली. वृद्धाश्रमाने तिला काढलं नाही, पण औषधांच्या कपाटाची किल्ली काढून घेतली. ती आता तिथे चादरींच्या घड्या घालते.

लोक म्हणाले, सुटलीस एकदाची. तिला तसं वाटलं नाही. आधी ती पकडले जाण्याला भीत होती, आता ते भय गेलं आणि त्या जागी नुसती बेल उरली. चादर झटकतानाही ती ऐकू येई.

निकालानंतर दोन महिन्यांनी भावजयीचा फोन आला.

"ताई, चिमणीला चांगली बाई ठेवलीय आम्ही. पण त्या बाईच्या हातचा व्यायाम चिमणी करून घेत नाही, रडून गोंधळ घालते. तुम्ही येऊन त्या बाईला दाखवाल का, कसं धरायचं ते?"

"येते ना."

"माफ केलं म्हणून बोलवत नाहीये."

"माहीत आहे."

"आणि हे घरी असतील. मी सांगितलंय त्यांना."

बुधवारी दुपारी ती गेली. दार भावानेच उघडलं. तो बाजूला झाला, ताई आत शिरली, आणि मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुऊ लागली.