थोरली

जगनने शिडी दोन्ही हातांनी धरली होती. शांती एकेक पायरी चाचपत माडीवरून खाली येत होती. तेवढ्यात मुन्शिपालटीचा काशिराम छत्री मिटत अंगणात येऊन उभा राहिला.

"भाडेकरू निघाले वाटतं?"

जगनचा हात सैल पडला. शिडी हलली, तशी वरून शांती ओरडली, "अहो, धरा की!"

मुंबईची माणसं हवापालटाला पनवेलात यायला लागली आणि मुन्शिपालटीने नियम काढला. खोली भाड्याने देणाऱ्याने कचेरीत नाव लिहायचं आणि घरपट्टी वाढवून भरायची. चोरून दिली तर खोलीला टाळं. जगनने नाव न लिहिताच मुंबईच्या शांतीला मे महिनाभर माडी दिली होती. मिठागरावर राबून त्याने माडी उठवली, पण जिन्यापाशी येऊन पैसे संपले, म्हणून ही बांबूची शिडी. शांतीच्या भाड्यातून जिना व्हायचा होता. सुताराने येऊन माप घेतलंसुद्धा होतं.

"भाडेकरू कसली?" जगन म्हणाला. "बहीन हाय माजी."

"सख्खी?"

"मंग!"

"थोरली की धाकटी?"

"धाकली," जगन म्हणाला.

"थोरली," शांती म्हणाली. दोघं एकदमच. मग तिनेच सावरून घेतलं, "थोरलीच. पण हा कधी ऐकतो का माझं?"

काशिरामने मान हलवली. "बोलते मात्र पक्की गिरगावातली."

"लगीन होऊन मुंबईला गेली," दारातून हौसा तडकली. जगनची बायको ती, गप्प बसणारी नव्हे. "मंग काय जलमभर आमच्यावानी बोलंल?"

"तेही खरंच." काशिराम ओट्यावर टेकला. चपला काढून मांडीच घातली त्याने. "पण वहिनी, माहेरवाशीण निघाली आणि ओटी रिकामी? आमच्यात असं नसतं बुवा. भरा, भरा. मला काही घाई नाही."

जगनने दात आवळले. हौसाने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि आत जाऊन पाट आणला.

तांदूळ आले, नारळ आला. खण कुठला आणायचा? हौसाने ट्रंक उघडली आणि जत्रेसाठी जपून ठेवलेला स्वतःचा हिरवा खण काढला. शांतीने पदर पसरला. आधी तिला हसूच येत होतं. हौसाने कुंकू लावलं, तांदूळ पदरात पडायला लागले, तशी तिने मान खाली घातली.

"आई गेल्यापासून कुणी भरली नव्हती," ती म्हणाली.

हौसाचा हात थांबला. मग तिने सूप ओढलं आणि आणखी एक ओंजळ घातली.

काशिराम उठला. "चला, मलाही स्टँडकडेच जायचंय."

झालं. बहीण म्हटल्यावर हमाल कसा करणार? जगनने शांतीची ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली. बाजारपेठेतून जाताना जो भेटेल तो विचारत होता, "काय जगन, कोन ही?" आणि काशिराम आनंदाने सांगत होता, "बहीण त्याची. थोरली."

स्टँडवर ठाण्याची यष्टी लागलीच होती, तिथून पुढे मुंबईची आगगाडी. जगनने ट्रंक टपावर चढवली. शांती खिडकीशी बसली, पदरातला नारळ तिने मांडीवर घट्ट धरला होता. गाडी सुरू झाली तशी तिने कमरेचा रुमाल काढला आणि घाईघाईने गाठ सोडायला लागली.

"जगनभाऊ, हे तुमचं भाडं..."

जगनने हात पुढे केला होता. खरंच केला होता. पण तिच्या बोटांना ओटीचं कुंकू लागलं होतं, ते त्याला दिसलं.

"आत ठेव."

"अहो, पण जिना..."

"आत ठेव बोललो ना!" तो इतक्या जोरात ओरडला की कंडक्टरने वळून बघितलं. "बहिनीकडनं भाडं घेत्यात?"

गाडी धुरळा उडवत गेली. जगनने इकडेतिकडे बघितलं. काशिराम केव्हाच निघून गेला होता.

घरी हौसाने विचारलं, "दिलं तिनं?"

"देत होती."

हौसाने त्याच्यापुढे भाकरी सरकवली. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. शिडी हाय की अजून बळकट."

दुसऱ्या दिवशी सुताराला नको म्हणून सांगितलं आणि जगन तडक कचेरीत गेला.

"माडी भाड्यानं देयाची हाय. नाव लिवा माजं."

काशिरामने टाक दौतीत बुडवला. "शहाणा झालास. वर्षभर देणार ना?"

जगनने डोक्याचं फडकं सोडलं आणि परत बांधलं.

"मे म्हैना सोडून."

"अरे, गिऱ्हाईक तर मे महिन्यातच येतं!"

"ती येती ना तवा," जगन खेकसला. "थोरली."