चतुराबाईंची न संपलेली साक्ष

आमच्या लोह्याच्या चर्चमध्ये पंखे चार आणि पुरुष चाळीस, त्यामुळे बाया बाहेर कडुलिंबाखाली बसतात. पन्नास वर्षं हीच देवाची इच्छा आहे, असं पंच सांगतात. एप्रिलमध्ये देवाच्या मनात पेव्हर ब्लॉक आले. पुरुषांच्या गाड्यांना जागा हवी, म्हणजे लिंब जाणार आणि बाया उन्हात. माझे यजमान दयानंद इथले पाळक. ते म्हणाले, "पंचांचं ठरलंय, आरती." मी मान डोलावली. पाळकाच्या बायकोने दुसऱ्यांच्या बोलण्याला आमेन म्हणायचं असतं.

रविवारी उपासना संपायच्या आतच पंचांनी बोलावलेला मल्लेश झाड तोडायचं मशीन घेऊन फाटकात हजर. तेवढ्यात बायांमधून चतुराबाई उठल्या आणि लिंबाला हात लावून उभ्या राहिल्या.

"माझी साक्ष हाय."

आमच्यात बायांना प्रवचनाची बंदी, पण देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष कोणीही द्यावी. आणि साक्ष देणारा आमेन म्हणेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. हा नियम मुख्य पंच शेषेरावांचाच. दारू कशी सोडली हे ते दर ईस्टरला तासभर सांगतात, आणि नियमाआधी लोक मधेच चहाला सटकायचे.

"देवानं आदामाला बागंत ठिवलं ते राखणीला," चतुराबाई म्हणाल्या. "सातबारा न्हाई दिला. आन हव्वाबाईनं येक फळ खाल्लं, तर आमी आजपस्तोर बोलणी खाऊन राहिलो. तुमी तर आख्खं झाड खायला निघाले, शेषेरावदादा!"

बाया फिसकन हसल्या. शेषेराव ताडकन उठले, मग नियम आठवून बसले.

या लिंबाखाली कोणाचं पोर निजलं, कोण कोणाच्या गळ्यात पडून रडलं, सगळं निघालं. दीड तासाने चतुराबाईंचा घसा बसला.

"म्हणा आमेन, बाई," शेषेराव आशेने म्हणाले.

चतुराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आतून दयानंदांनी डोळे वटारले. अकरा वर्षं या सावलीत बसून मी नुसती मान डोलावली, याची लई लाज वाटली. मी उठले.

"ह्यांची साक्ष पुढं मी सांगते."

माझ्यानंतर अंबिका उठली, मग सिंधु. मल्लेश कंटाळून मशीन घेऊन गेला. अंधार पडल्यावर शेषेरावांनीच उरलेली साक्ष पुढच्या रविवारवर ढकलली, आणि साक्ष संपेपर्यंत लिंब तोडता येईना.

तेव्हापासून दर रविवारी एक बाई साक्ष पुढे नेते. आमेन कोणीच म्हणत नाही.

"हे संपणार कधी?" परवा जेवताना दयानंदांनी विचारलं.

"काय की," मी भाजी वाढत म्हणाले. "अजून हव्वाबाईचंच चाललंय."