जांभळा संघ

प्रोस्का आणि डॅनव्हिल ही नेब्रास्कातली शेजारची गावं. एकमेकांचं तोंड पाहायचं ते मैदानावर, आणि तेही हरवण्यापुरतं. शाळा दोन असल्या तरी शाळांचं डिस्ट्रिक्ट एकच आणि ते चालवणारं बोर्डही एकच. यंदा प्रोस्कात फुटबॉल खेळण्याजोगी मुलं नऊ उरली, त्यातल्या एकाचा खांदा ट्रॅक्टरवरून पडून निखळला. डॅनव्हिलकडे दहा होती, पण दोघांच्या आयांनी डोक्याला मार बसण्याच्या भीतीनं नावं काढून घेतली. छोट्या शाळांच्या आठ जणांच्या फुटबॉललासुद्धा एकही राखीव नसताना भागेना, म्हणून दोन्ही शाळांचा संघ एक करायचं ठरलं. इथवर कुणाची तक्रार नव्हती. लव्हॉन ह्रुस्काचीही नव्हती.

तिची तक्रार सुरू झाली ती डिस्ट्रिक्टचे अधीक्षक टिमरमन यांच्या पुढच्या वाक्यापासून. ते म्हणाले, आता फुटबॉलच कशाला, सगळेच खेळ एक करू. एक डिस्ट्रिक्ट, एक कुटुंब.

लव्हॉन प्रोस्काच्या मुलींना व्हॉलीबॉल शिकवायची. तिच्याकडे चौदा मुली होत्या, डॅनव्हिलकडे तेरा. कमी कुठंच नव्हत्या. एक संघ केला की गणवेश मिळणार बारा जणींना, आणि कोर्टवर उतरणार सहा. उरलेल्या पंधरा जणींनी काय करायचं? मुलगे कमी पडले म्हणून मुलींनी घरी बसायचं, हा हिशेब तिनं केस कापणाऱ्या बाईपासून चर्चच्या पाद्र्यापर्यंत सगळ्यांना सांगून पाहिला. सगळ्यांनी अगदी मनापासून माना हलवल्या आणि म्हणाले, खरं आहे गं, पण फुटबॉल टिकला पाहिजे.

बोर्डाच्या बैठकीत दीड तास गेला जर्सीच्या रंगात. प्रोस्काचा लाल, डॅनव्हिलचा निळा, म्हणून जांभळा. मग त्या जांभळ्याची छटा. व्हॉलीबॉलच्या वाट्याला चार मिनिटं आली, आणि त्यातही एका सभासदानं विचारलं की हा खेळ हिवाळ्यातला ना? तो फुटबॉलच्याच मोसमात असतो.

पुढच्या आठवड्यात टिमरमननी लव्हॉनला कचेरीत बोलावलं. नव्या संघाच्या मुख्य प्रशिक्षक तुम्हीच, म्हणाले. डॅनव्हिलची केरी सोरेनसेन तुमच्या हाताखाली. शुक्रवारपर्यंत बारा जणी निवडून द्या.

"आणि बाकीच्या पंधरा?"

"त्यांच्यासाठी उत्साह पथक काढतोय आपण."

"म्हणजे फुटबॉलला टाळ्या वाजवायच्या."

"शब्द तुमचा," टिमरमन समजूतदारपणे हसले.

ती तणतणत गाडीत बसली. तरीही मक्याच्या शेतांमधून घरी येता येता तिच्या डोक्यात बारा जणी आपोआप उभ्या राहिल्या. डॅनव्हिलच्या दोन उंच पोरी जाळीवर, शिवाय बॉल उठवून देणारी सेटरही त्यांचीच, कारण ती खरोखर चांगली होती. म्हणजे चार वर्षं पहाटे उठून सरावाला येणारी आपली टेसा शेवटच्या वर्षी बाकावर. हा संघ जिंकलाही असता. ते मनात आलं आणि लव्हॉनला टिमरमनपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. तिनं गाडी वळवली आणि सरळ डॅनव्हिल गाठलं.

केरी आणि ती एका रेषेवर पडलेल्या बॉलवरून सहा वर्षं बोलत नव्हत्या. केरीनं दार उघडलं.

"बॉल आत होता," केरी म्हणाली.

"बाहेर होता. येऊ का आत?"

कॉफी झाली. केरीनं सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की टिमरमन मंगळवारी तिच्याकडेही येऊन गेले होते. मुख्य प्रशिक्षक तीच, लव्हॉन हाताखाली. पथकासकट सगळं तेच. केरीनं दोघींचे कप पुन्हा भरले.

पुढची बैठक शाळेच्या जिममध्ये भरली. गावकऱ्यांना बोलायला माणशी तीन मिनिटं. लव्हॉन उठली आणि म्हणाली की मला दिलेलं पद मला नको, ते केरीला द्या. केरी उठली आणि म्हणाली की मलाही तेच दिलं होतं, ते लव्हॉनला द्या. सगळं बोर्ड टिमरमनकडे बघायला लागलं. टिमरमन पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत होते.

बोर्डाचा अध्यक्ष ड्वेन बियाण्यांचा व्यापारी, शाळेत लव्हॉनच्याच वर्गात होता. "लव्हॉन, नाटक पुरे," तो म्हणाला. "आता शिकवणार कोण?"

टिमरमननी फुटबॉलच्या साहाय्यक प्रशिक्षकाचं नाव सुचवलं. तो मागच्या रांगेतून प्रामाणिकपणे विचारता झाला, "त्यात किती जण असतात?"

जिम हसलं. लव्हॉन हसली नाही. "ड्वेन, मुलगे कमी पडले, मुलांचा संघ एक करा. मुली कमी पडलेल्या नाहीत. त्यांची जागा कशाला काढता?"

"अगं, कुणी काढत नाही. पथक आहे, सगळ्यांना सामावून..."

पुढचं तिनं ठरवलं नव्हतं. "माझ्या चौदांतली तुझी लेक ब्रिन त्या बारात येत नाही. मी निवडलं तरी नाही, केरीनं निवडलं तरी नाही. आज घरी गेल्यावर तूच सांग तिला."

ड्वेनची बायको दुसऱ्या रांगेत होती. तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यानं घाईघाईनं माईक बंद केला. दहा मिनिटांची सुट्टी झाली. परत आल्यावर बोर्डानं एकमतानं ठराव केला: व्हॉलीबॉलचे यंदा दोन्ही संघ वेगळेच. ठराव मांडला टिमरमननी, 'मुलींच्या संधी जपण्याचं आपलं जुनंच धोरण' म्हणून. टाळ्या पडल्या. केरीनं लव्हॉनचा हात दाबला.

लव्हॉनला मात्र आनंदच होईना. सत्तावीस मुलींचं गाऱ्हाणं महिनाभर कुणाच्या कानावर पडलं नव्हतं, आणि एकीच्या बापाला दहा मिनिटांत सगळं उमगलं.

बाहेर, गाडीपाशी, ड्वेन तिच्यामागून आला. आवाज एकदम मऊ झाला होता. "म्हणजे आता ब्रिन सुरुवातीच्या सहांत असेल ना?"

लव्हॉननं किल्ली फिरवली. "सोमवारी साडेतीनला सरावाला पाठव," ती म्हणाली. "आणि बाकीच्या तेरा जणींची नावं पाठ करून ठेव. पुढच्या वर्षी हा विषय पुन्हा निघेल, तेव्हा तुला लागतील."