हवालदार सर्जेरावांची पेशंटगिरी

फिट, गतिमंदत्व, स्वमग्नता असल्या गोष्टी पोलिसांना कळाव्यात म्हणून एका आयटी कंपनीच्या खर्चाने प्रशिक्षण झाले. एसी हॉल, पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि जेवणात दोन गोड पदार्थ. फिटच्या प्रात्यक्षिकाला पेशंट हवा होता. खात्याच्या शिस्तीप्रमाणे मदत करण्याचा मान साहेबांचा आणि जमिनीवर पडण्याचा हवालदारांचा. त्यामुळे सर्जेराव दिवसभर आडवे होते आणि साहेब लोक पाळीपाळीने त्यांचे प्राण वाचवून फोटो काढून घेत होते. पडदा बघायला मान वर केली की शिकवणाऱ्या पूर्णिमा मॅडम म्हणत, "पेशंटनं उठायचं नाही हं, काका." संध्याकाळी साहेबांना प्रमाणपत्रे मिळाली. सर्जेरावांना पाठदुखी.

पुढच्याच आठवड्यात ते मार्केट यार्डात ड्यूटीवर असताना कांद्याच्या गाळ्यासमोर एक तरुण धाडकन कोसळला. फ्लॅटवरच्या मित्रांसाठी पोतंभर कांदे घ्यायला आला होता. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र, त्यावर नाव अभिनव. हातपाय झटके देत होते, तोंडाला फेस.

"प्यायलंय बेणं, सकाळच्या पारी! घाला गाडीत," गाळ्याचे मालक भैरूशेठ म्हणाले.

"अहो शेठ, फिट आलीय त्याला."

"मग आधी बोलायचं की! कांदा हुंगवा, कांदा!" भैरूशेठांनी बुक्कीने कांदा फोडला.

"तो ओला माल आहे, त्याला कसला वास?" शेजारचा व्यापारी म्हणाला. "माझा लावा, जुना आहे."

माणूस झटके खातोय आणि इकडे मालाच्या प्रतीवर वाद. तिसऱ्याने चप्पल काढली. चौथा दातखीळ उघडायला चमचा घेऊन पुढे सरसावला.

सर्जेराव आठवू लागले. साहेबांनी नेमके काय केले होते? त्यांना दिसले होते फक्त छत आणि साहेबांचे बूट. मग त्यांनी पेशंटच्या बाजूने विचार केला. एका साहेबांनी हातपाय दाबून धरले होते, तेव्हा जीव नकोसा झाला होता. दुसऱ्यांनी तोंडात मार्कर घातला, तेव्हा मॅडम किंचाळल्या होत्या. तिसऱ्यांनी डोक्याखाली स्वेटर सारून कुशीवर वळवले आणि नुसते घड्याळ बघत बसले. तेव्हा सर्जेरावांना चक्क डुलकी लागली होती.

"चमचा मागे! मागे म्हणतो ना!" त्यांनी पोत्याची घडी अभिनवच्या डोक्याखाली सारली, त्याला अलगद कुशीवर वळवले आणि घड्याळ बघत बसले. भैरूशेठ कुजबुजले, "हे काय, बघतच बसायचं?"

"हेच शिकवलंय. सरकारी खात्याला जमण्यासारखं आहे."

थोड्या वेळाने झटके थांबले. अभिनवने डोळे उघडले, अंगावर वाकलेली खाकी बघितली आणि सर्जेरावांच्या थोबाडीत ठेवून दिली.

हमालांनी पाठीवरची पोती तशीच धरून ठेवली. सर्जेरावांचा हात नोकरीच्या सवयीने आपोआप वर गेला. पण त्या पोराच्या नजरेत कुणीच नव्हते. ना पोलीस, ना यार्ड. वर गेलेला हात खाली आला तो त्याच्या खांद्यावर.

"पडून राहा. घाई नाही. मार्केट यार्ड आहे हे. कांदे घ्यायला आला होतात."

बऱ्याच वेळाने अभिनव भानावर येऊन उठून बसला. "काका, मी कुणाला मारलं का हो? कधी कधी होतं तसं."

"छे! गालावर माशी बसली होती. ती उडवलीत."

"मग काय!" लाल झालेला तो गाल निरखत भैरूशेठ म्हणाले, "आमच्या यार्डातल्या माश्या अंगानं भरलेल्याच हायेत."